हापशावरचं गाणं

मी बावीस वर्षं मास्तरांना गाणी लिहायला शिकवली. गायला नव्हे, लिहायला. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "असं शिकवून येतं का?" येतं. पोहणं येतं, शिवण येतं, तसंच हेही येतं. तुमचं गाणं रेडिओवर लागेल असं मी कुणाला सांगितलं नाही. पण सोमवारी सकाळी पहिलीच्या वर्गात पन्नास पोरं बसलीत, निम्मी रडतायत, आणि तुमच्या हातात खडूशिवाय काही नाही, तेव्हा उपयोगी पडेल असं आठ ओळींचं गाणं कुठलाही शहाणा माणूस लिहू शकतो. मी अशी माणसं तयार केली आहेत.

साताऱ्यातल्या एका अध्यापक विद्यालयात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीला लागले. प्राथमिक शाळेचे शिक्षक तिथं तयार होत. मला मराठी शिकवायचं होतं, पण पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी 'बालगीत' नावाचा एक तास माझ्या गळ्यात घातला. मी म्हटलं, "सर, कवी जन्मावा लागतो." ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "कवी जन्मू दे. मास्तर मात्र आपल्यालाच करावा लागतो. बुधवारी दुसरा तास."

पहिले दोन महिने माझे हाल झाले. मी 'गाणं लिहा' म्हणायची आणि चाळीस वह्यांतून चाळीस चंद्र उगवायचे. माण तालुक्यातल्या एका मुलीनं समुद्रावर गाणं लिहिलं होतं.

"समुद्र पाहिलायस का गं?"

"न्हाई बाई."

"मग?"

"गाण्यात असतोय की."

दुसरा एक जण कशावरही लिहो, शेवटच्या कडव्यात 'म्हणून मुलांनो' हे यायचंच. म्हणून मुलांनो खरे बोला, म्हणून मुलांनो नखे कापा. मी त्याला सांगितलं, "हे कडवं आलं की मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. तू शेवटचं कडवं लिहीत जा आणि लगेच खोडत जा." त्यानं वर्षभर तसं केलं, आणि त्याची गाणी खरोखरच सुधारली.

हळूहळू मला माझी पद्धत सापडली. शब्द आधी नाही, टाळी आधी. ताल शिकवायला मी हजेरीपट वापरायची. सखू, बाळू, सोनू यांना दोन टाळ्या. पांडुरंगाला जरा जास्त. नावं ओळीनं वाचली की वर्ग आपोआप डोलायला लागतो. मग त्या टाळीवर निरर्थक अक्षरं बसवायची आणि सगळ्यात शेवटी अर्थ. गाण्यात हातांना काहीतरी काम हवं. एक ओळ परत परत यायला हवी. आणि चांगलं बालगीत ओळखायची माझी खूण अशी: ज्यात मूल आपली स्वतःची ओळ घालू शकतं, ते चांगलं. ज्यात नुसतं ऐकून घ्यावं लागतं, ते आपल्यासाठी लिहिलेलं.

असं सगळं मला येत होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. अशा वेळी महादेव पवार माझ्या वर्गात आले.

पवार फौजेतून आलेले. पाटणच्या बाजूला गाव. पंधरा वर्षांची नोकरी करून नाईक म्हणून सुटले होते, पण वर्गानं पहिल्याच दिवशी त्यांना बढती देऊन 'सुभेदार' करून टाकलं. वय चौतीस. मी सव्वीस. भरदार मिशा, इस्त्रीचा पायजमा, आणि मी वर्गात शिरले की एकटे ताडकन उभे राहायचे. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. ती हसायची. पवारांना त्याचं काही नव्हतं.

त्यांचं पहिलं गाणं माझ्या अजून लक्षात आहे:

एक दोन एक दोन,
उठा उठा, झोपलंय कोन?

हे त्यांनी सरावशाळेच्या पहिलीत म्हणून दाखवलं. सरावशाळा म्हणजे आमच्या शेजारचीच प्राथमिक शाळा, जिथं आमचे विद्यार्थी शिकवायचा सराव करत. पवारांचा आवाज परेडच्या मैदानावर तयार झालेला. 'झोपलंय कोन' या शब्दांना पुढच्या रांगेतल्या दोन मुली रडायला लागल्या आणि त्यांचं बघून मागच्या तीन. वर्गशिक्षिका धावत आल्या. पवार फळ्याला पाठ लावून उभे होते. युद्धावर जाऊन आलेला माणूस, पण चेहरा पांढरा पडला होता.

त्या दुपारी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाई, आमाला न्हाई जमायचं हे. कारखान्यात गेटवर जागा हाय. तिकडं जातो."

"मुलं रडली म्हणून?"

"आमची धाकटी पोर बी रडती, बाई. सुट्टीवर घरी गेलो की दोन दीस जवळ येत न्हाई. मला वाटलं, मास्तर झालो तर पोरं भ्यायची न्हाईत. पन त्ये तसं नसतंय."

त्यांना मास्तर का व्हायचं होतं ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आठ दिवस थांबा. गाणं लिहू नका, शिकवू नका. मधल्या सुट्टीत शाळेच्या अंगणात बसा आणि मुलं काय करतात, काय बोलतात ते लिहून आणा. स्वतःच्या मनातलं एक अक्षर घालायचं नाही."

"व्हय. टेहळणी."

"टेहळणीच म्हणा."

आठ दिवसांनी त्यांनी वही आणून दिली. इतक्या वर्षांत हजारो वह्या पाहिल्या, तशी पुन्हा पाहिली नाही. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला काय घडलं ते. 'दोन मुली. एकीच्या हातात चिंचेचे बोटूक (कच्ची शेंग). दुसरी म्हणाली, मला दे न्हायतर तुज्या आयला सांगीन. दिले.' 'मुलगा, अंदाजे सात वर्षे, भिंतीशी बोलत आहे. भिंतीस राग आला असे म्हणाला.' आणि पानोपानी एकच ठिकाण पुन्हा पुन्हा आलेलं: हापसा.

दुष्काळानंतर गावोगावी हापसे बसले होते. आमच्या सरावशाळेतल्या हापशाला पाणी यायला वेळ लागायचा. दहा-बारा वेळा दांडा हाणावा, तेव्हा कुठं खालून घरघर ऐकू यायची. पोरं चार-चार जणं दांड्याला लोंबकळायची. एक जण तोटीखाली ओंजळ धरून बसायचा आणि बाकीच्यांवर ओरडायचा. पवारांनी त्यांचा सगळा आरडाओरडा उतरवून घेतला होता.

"यातच गाणं आहे," मी म्हटलं. "दांडा वर-खाली होतो ती तुमची टाळी."

दोन दिवसांनी ते हळू आवाजात, टेबलाच्या कडेला बोट आपटत म्हणाले:

हाप गं हाप, हाप गं हाप,
पानी आलं काय?
न्हाय बा न्हाय!
हाप गं हाप, हाप गं हाप,
खाली कोन हाय?
बेडूक हाय!

बेडकानंतर मासा, माशानंतर कासव, आणि शेवटी 'पानी आलं काय?' 'आलं गं बाय!' बस्स, एवढंच. आम्ही लगेच उठून हापशावर गेलो. पवारांनी दांडा धरला, प्रश्न विचारले, आणि उत्तरं पोरांनी द्यायची. तिसऱ्या फेरीला पोरं दांडा सोडायला तयार नव्हती. या वेळी आवाज मोठा होता तरी कुणी भ्यालं नाही, कारण पोरांचा आवाज पवारांच्या वर होता.

तिथं शकू नावाची एक मुलगी होती. जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. हजेरीलाही नुसती मान हलवायची. पवारांनी विचारलं, "खाली कोन हाय?" सगळी पोरं 'कासव हाय' म्हणायच्या आत शकू ओरडली, "आमचा आप्पा हाय!"

तिचे वडील विहिरी खोदायचे. रोज सकाळी दोराला धरून खाली उतरणारा माणूस. जमिनीखाली कोण असतं हे त्या अंगणात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पवारांनी जराही न थांबता पुढचा प्रश्न टाकला, "त्यो काय करतोय?" आणि शकू म्हणाली, "पानी काडतोय!" ती ओळ गाण्यात कायमची बसली.

त्या दिवशी मी माझ्या खोलीवर जवळजवळ नाचत गेले असेन. आणि तरीही पुढची चूक मीच केली.

मार्चमध्ये वार्षिक पाठ होते. वार्षिक पाठ म्हणजे बाहेरून परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात, आणि तुम्ही पाऊण तास शिकवायचं. त्यात नापास तर सगळ्यात नापास. पवारांनी पाठाचं टाचण आणून दाखवलं. सुरुवातीला हेच गाणं. मी लाल पेन घेतलं. पानी खोडून पाणी. कोन खोडून कोण. हाय खोडून आहे, न्हाय खोडून नाही.

हे मी का केलं ते सांगते. माझे वडील सांगलीला एस.टी.त कंडक्टर. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी 'लय छान' म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. मग मी रोज आरशासमोर बसून माझी भाषा धुऊन काढली. एकही 'लय' शिल्लक ठेवला नाही. परीक्षकांसमोर पवारांना कुणी हसू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पवारांनी दुरुस्त केलेला कागद हातात घेऊन बोट आपटून पाहिलं. "बाई, दांडा चुकतोय."

"म्हणजे?"

"'हाय' एका दमात बसतंय. दांडा खाली, हाय. 'आहे'ला दांडा दोनदा हालतोय. पोरं मदीच लटाकनार."

तालाचा तास मी घेत होते, आणि तालातली चूक मला ते दाखवत होते. मला ती ऐकूही आली. पण मी म्हटलं, "परीक्षेपुरतं असंच म्हणा, पवार."

"हुकूम," ते म्हणाले.

परीक्षक वाईकडचे होते. निवृत्तीला आलेले, पांढरं धोतर, अतिशय स्वच्छ बोलणारे. मी मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले होते. पवारांनी गाणं सुरू केलं, "पाणी आले का?" आणि पन्नास पोरं एका आवाजात म्हणाली, "न्हाय बा न्हाय!" त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पवार म्हणाले, "खाली कोण आहे?" पोरं म्हणाली, "बेडूक हाय!" दोन ओळींत दोन गाणी सुरू झाली. टाळी तुटली. काही पोरं हसायला लागली, पवारांना घाम फुटला, आणि ते एका ओळीत 'आहे' आणि पुढच्या ओळीत 'हाय' म्हणू लागले.

"थांबा," परीक्षक म्हणाले. "मास्तर, तुम्ही मुलांची भाषा घडवायला आलात की बिघडवायला?"

पवारांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाचा जुळवून म्हणाले, "चूक माझी हाय, सायेब. आहे."

आणि मी गप्प बसले. किती वेळ? चार-पाच क्षण असतील. तेवढ्यात उठून 'चूक माझी' म्हणता आलं असतं. पुढचा अर्धा तास मी खाली मान घालून बसले होते, आणि पवार तुटलेला पाठ ओढत ओढत शेवटपर्यंत नेत होते.

चहाच्या वेळी मी परीक्षकांना सगळं सांगितलं. मूळ गाणं म्हणून दाखवलं, दुरुस्ती माझी होती हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हे तुम्ही वर्गात का नाही सांगितलंत?"

त्यांनी कप बशीत ठेवला.

"मी पाहिलेल्या पाठाला गुण देतो," ते म्हणाले. "न पाहिलेल्या पाठाला देता येत नाहीत."

पवार नापास झाले. फेरपाठ ऑक्टोबरात होता, पण ते थांबले नाहीत. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी ट्रंक घेऊन निघून गेले.

मे महिन्यात मी एस.टी.नं त्या साखर कारखान्यावर गेले. गेटवर पवार खाकीत उभे. मला बघून त्यांनी सलाम ठोकला आणि स्वतःचं स्टूल पुसून मला बसायला दिलं.

"मी माफी मागायला आलेय," मी म्हटलं.

"आवं बाई, कशापायी? हुकूम तुमचा, गोळी कुटंबी लागती."

"आता हुकूम नाही, विनंती आहे. ऑक्टोबरात पाठ द्यायला या. गाणं तुमचं, जसंच्या तसं."

त्यांनी उसाच्या गाड्या जायच्या त्या रिकाम्या रस्त्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "त्या सायबाचं बी खोटं न्हाई, बाई. पोरांना पुस्तक वाचाया यायला पायजे. पन म्या विचार केलाय. पलटनीत आमाला तीन भाषा हुत्या. घरची एक, लंगरात जेवताना हिंदी, आनि सायबाची इंग्रजी. नवी शिकताना जुनी कुनी खोडाया लावली न्हाई. जितं ज्याचं काम, तितं ती. तुमचं लाल पेन तेवडं चुकलं."

"आणि हे पाठात कसं दाखवणार?"

"त्ये माझं मी बघतो. तुमी मागं बसा."

मला इतका आनंद झाला की मी परतीची एस.टी. जवळजवळ चुकवली.

ऑक्टोबरातल्या फेरपाठाला तेच परीक्षक आले. पोरं आता दुसरीत गेली होती. पवारांनी पाठ वर्गात सुरूच केला नाही. सगळ्यांना घेऊन हापशावर गेले, परीक्षकांना सावलीत खुर्ची दिली, आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. पाणी आलं. मग वर्गात येऊन त्यांनी फळ्याच्या मधोमध एक रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'हापशावर', उजवीकडं लिहिलं 'पुस्तकात'. डाव्या बाजूला पोरं सांगतील तशा ओळी. उजव्या बाजूला त्याच ओळी पुस्तकातल्यासारख्या, पोरांनीच येऊन लिहायच्या. काही खोडायचं नाही. पोरांना तो खेळच वाटला. एकानं 'न्हाय बा न्हाय' पुस्तकात कसं लिहायचं म्हणून डोकं खाजवलं आणि शेवटी लिहिलं, 'नाही हो नाही'.

परीक्षक उठून पुढं आले. नेमकं शकूला त्यांनी विचारलं, "बाळ, खाली कोण आहे?"

"आमचा आप्पा हाय," शकू म्हणाली. मग तिनं फळ्याकडं बघितलं, परीक्षकांच्या धोतराकडं बघितलं, आणि समजावून सांगावं तसं म्हणाली, "पुस्तकात आहे. हापशावर हाय."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, फळ्यावरच्या दोन्ही बाजू नीट वाचल्या, डाव्या बाजूच्या ओळींवर हळूच बोटानं टाळी मोजली. माझ्या हातात गुणांचा कागद देऊन निघताना एवढंच म्हणाले, "टाळी बरोबर आहे." पवार पास झाले. वर्गात दुसरे आले असते, पण फेरपाठाला क्रमांक देत नसत. त्यांचे सहा महिने माझ्यामुळे गेले, आणि क्रमांकही. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते आजही टोचतं.

त्यानंतर माझा तास बदलला. मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायची, तुमच्या गावात जसं बोलतात तसं पहिलं गाणं लिहा. माणच्या मुली समुद्र सोडून मेंढरांकडं वळल्या. विट्याच्या एका मुलानं भट्टीत सोनं गाळणाऱ्या आपल्या चुलत्याचं गाणं लिहिलं, त्यात फुंकणीचा आवाज असा काही होता की सगळा वर्ग गाल फुगवून म्हणायचा. प्राचार्य एकदा दारात उभं राहून ऐकत होते. "हे अभ्यासक्रमात आहे का?" त्यांनी विचारलं. "आता आहे," मी म्हटलं.

पवारांना नेमणूक मिळाली ती पाटणच्या वर, डोंगरातल्या एका एकशिक्षकी शाळेत. चार इयत्ता, एक खोली, एक मास्तर. पुढं काही वर्षांनी माझी सांगलीला बदली ठरली, तेव्हा त्याआधी एकदा जाऊन यावं म्हणून मी गेले. दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस. शेवटचे चार मैल चालत. शाळेच्या अलीकडं एक ओढा होता, अजून गुडघाभर पाणी. पोरं तो ओलांडून शाळेत यायची.

दारात चपला काढताना आतून गाणं ऐकू आलं:

ओढा आला, ओढा आला,
कसं जायाचं पार?
आज्याच्या खांद्यावर!
ओढा आला, ओढा आला,
कसं जायाचं पार?
म्हशीच्या पाठीवर!

पवार थोडे जाड झाले होते, मिशा पिकायला लागल्या होत्या. दोन बारकी पोरं त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "नवीन दिसतंय. कधी लिहिलंत?"

"म्या न्हाई लिवलं, बाई. ह्यांनी लिवलंय. म्या निस्तं फळ्यावर घेतो." मग वर्गाकडं वळून म्हणाले, "पोरांनो, ह्या माझ्या बाई. मला गानी लिवायला ह्यांनी शिकवलं."

मग पहिल्या रांगेतली, सात-आठ वर्षांची, वेणीला लाल रिबीन बांधलेली एक मुलगी उभी राहिली. "मग बाई, तुमी एक वळ घाला की."

इतकी वर्षं शिकवलं, पण असं समोरून कुणी मागितलं नव्हतं. सगळा वर्ग टाळी धरून माझ्याकडं बघत होता. ओढा आला, ओढा आला, कसं जायाचं पार? मी म्हटलं:

"पवार गुरुजींच्या मजबूत खांद्यावर!"

टाळी अडखळली आणि थांबली. मुलीनं मान हलवली.

"लय लांब झाली, बाई. तवर पोरगं वड्यात पडंल की."

पवार खाली बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. मी विचारलं, "मग काय करू गं?"

"मजबूत काडा. पवार बी काडा."

मी काढलं. टाळी परत सुरू झाली, आणि या वेळी मी माझी ओळ तीस पोरांबरोबर म्हटली, "गुर्जीच्या खांद्यावर!"

"आता गेलं पार," ती मुलगी म्हणाली, आणि खाली बसली.